शांतता समितीचा चहा आणि भिवंडीच्या मोहल्ला कमिट्या

२०२५मध्ये ईद-ए-मिलादचा जुलूस ८ सप्टेंबरला गेला, मुंबईतली सरकारी सुट्टीही त्यामागोमाग सरकली. २०२३, २०२४ आणि २०२५: गणेश विसर्जनाच्या गर्दीमुळे तिन्ही वेळा तारीख बदलली ती मुस्लिम समाजानेच. कौतुकाच्या भाषणांत हे तेवढ्या ठळकपणे कुणी सांगितलं नाही.

सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते. तेच पुढारी, तीच एकोप्याची भाषणं, चहा, फोटो. पुढची बैठक पुढच्या सणाला.

सुरेश खोपडे यांनी नेमकी हीच रीत मोडली. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी बदनाम झालेल्या भिवंडीत ते १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या बसवल्या. हिंदू-मुसलमान समसमान, आणि पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं. मुख्य म्हणजे बैठका सण नसतानाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. नेहमीच्या कटकटींसाठी भेटणारी माणसं एकमेकांना नावानिशी ओळखू लागतात. मग रात्री अफवा उठली, तर कुणाचं दार वाजवायचं हे ठाऊक असतं.

डिसेंबर १९९२मध्ये, बाबरी मशीद पाडली गेल्यावर, या कमिट्यांची परीक्षा झाली. मुंबईत दंगलीच्या दोन फेऱ्यांत ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी आपल्या अभ्यासात त्याची खास दखल घेतली. काही जण श्रेय यंत्रमागाच्या धंद्याला देतात: सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, भांडून परवडेल कुणाला? पण हा धंदा १९८४मध्येही होताच की!

मुंबईला ही अक्कल दंगलीनंतर आली. ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडगोळी वर्षानुवर्षं राबली.

खोपडेंचं कौतुक करताना २००६ मात्र टाळता येत नाही. जुलैत भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भडका उडाला. गोळीबारात दोघं मेले, नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार केलं. तोवर कमिट्यांची जुनी धग ओसरली होती, असं म्हणतात. ते खरं धरलं तरी अडचण उरतेच. या वेळी भांडण दोन समाजांचं नव्हतंच. एका बाजूला खुद्द पोलीस होते, आणि कमिट्या बसवल्या होत्या त्याही पोलिसांनीच. मग मध्यस्थी करायची कुणी?