बटण बंद, तरी होल्डरमध्ये करंट



बेणे, लागण आणि खताचे हप्ते सोडून या पानावर लाईटच्या बटणाचे काय काम, असे कोणी विचारील. पण मोटारीच्या स्टार्टरला आपण जपून हात लावतो, घरातल्या बटणाला मात्र कोणी भीत नाही, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

आपल्या बऱ्याच सभासदांची मुले नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात कात्रजला राहतात. ऊस नोंदीच्या सह्यांसाठी आम्ही तेथल्या एका घरी गेलो होतो. स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब बटण बंद केल्यावरही मिणमिणत होता. घरधनी म्हणाले, "बल्बच तसले येतात, दोन बदलून झाले." आम्ही बल्ब काढला आणि बटण बंद ठेवूनच होल्डरला टेस्टर लावला, तर एका टोकाला तो ठळक लागला. कोणा वायरमनने बटण फेजवर न घेता न्यूट्रलवर घेतले होते.

पाईपलाईनचेच पाहा ना. मोटारीजवळचा व्हॉल्व्ह बंद केला तर पुढच्या पाईपातला दाब जातो. शेवटचे तोंड बुजवले तर पाणी पडायचे थांबते, पण सगळा पाईप तटतटलेला राहतो. तसेच बटण न्यूट्रलवर असले की दिवा विझतो, पण २३० व्होल्ट होल्डरपर्यंत उभेच असतात. बटण बंद आहे या भरवशावर ओल्या हाताने, लोखंडी स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याचा जीव जायला एवढे पुरते.

मिणमिणण्याचे दर वेळी हेच कारण असते असे नाही. बटणात बारीक इंडिकेटर असला किंवा वायरी लांबवर शेजारी-शेजारी गेल्या असल्या, तरी एलईडी अंधुक लागतो. खात्री टेस्टरनेच करावी.

दिवा मुळीच लागत नसेल तर? नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी बंद नळाने पुण्यात नेले, त्या वाटेवर जागोजागी उच्छ्वास बांधलेले आहेत. पाणी कोठवर आले ते एकेका उच्छ्वासाशी पाहावे, तसा करंट टप्प्याटप्प्याने पाहावा. आधी दुसरा चालू बल्ब लावा. मग एमसीबी पडला आहे का ते बघा. बोर्ड उघडायचा तो मेन बंद करूनच. पुढची तपासणी चालू लाईनवर असते. टेस्टरची सवय नसेल त्याने येथेच थांबून वायरमन बोलवावा. बटणाच्या येणाऱ्या टोकाला टेस्टर लागतो, पण बटण चालू करूनही जाणाऱ्या टोकाला लागत नाही, तर बटण गेले. दोन्हीकडे लागतो तर होल्डर पाहावा. बल्ब लावलेला असताना होल्डरच्या दोन्ही स्क्रूंना टेस्टर लागला, तर न्यूट्रल कोठेतरी तुटला आहे.

बटण गरम लागते, चरचर वाजते, ते बहुधा सैल स्क्रूमुळे. जुन्या घरातल्या ॲल्युमिनिअमच्या वायरीत हे फार. धातू नरम, स्क्रूखाली दबत जातो. जिन्याच्या दिव्याची बटणे तीन टोकांची असतात. बदलताना वायरींना खुणा कराव्यात, नाहीतर खालून लागतो तो वरून लागत नाही.

आणखी एक. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर बोर्डाला करंट देतच राहतो. तोही बंद करून टेस्टरने पाहावे, आणि तो टेस्टर आधी चालू प्लगवर लावून चांगला असल्याची खात्री करावी. लाईट गेली आहे तोवर उरकून घेऊ, हे तर मुळीच करू नये. ती केव्हा येईल हे आपण सारेच जाणतो.

स्क्रू आवळणे, बटण बदलणे घरी जमते. फेज-न्यूट्रलची अदलाबदल मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. त्याच खेपेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. साधा एमसीबी माणसाला बसलेल्या झटक्याने पडत नाही, हा पडतो. त्यावर टेस्टचे बटण असते, ते अधूनमधून दाबून पाहावे.