उतरणीवरील गोटी आणि तिचा आलेख

एक लांब लाकडी फळी, तीत कोरलेली सरळ खोबण, एक गुळगुळीत गोटी आणि एक विरामघड्याळ, एवढ्या सामग्रीवर वर्गात गतीचा अभ्यास करता येतो. फळीचे एक टोक थोडे उंच करून आरंभस्थानापासून 50, 100, 150 व 200 सेंटिमीटर अंतरांवर खुणा कराव्यात. गोटी दर वेळी त्याच स्थानापासून, धक्का न देता सोडावी आणि प्रत्येक खुणेपर्यंत पोचण्यास तिला लागणारा काल मोजावा.

समजा, हे काल अनुक्रमे 1.4, 2.0, 2.7 व 2.8 सेकंद आले. नुसता तक्ता पाहून त्यांत काही वावगे आहे असे सहसा ध्यानी येत नाही. आता आडव्या अक्षावर काल व उभ्या अक्षावर अंतर घेऊन हे बिंदू आलेखपत्रावर मांडावेत. पहिला, दुसरा व चौथा बिंदू शून्यापासून निघून अधिकाधिक उभ्या होत जाणाऱ्या एका वक्रावर येतात. तिसरा मात्र त्याच्या उजवीकडे वेगळा पडतो.

येथे विद्यार्थ्याला दोन मोह होतात. पहिला, पट्टीने बिंदूला बिंदू जोडण्याचा. तशी रेषा खरी मानली तर शेवटचे 50 सेंटिमीटर गोटीने अवघ्या 0.1 सेकंदात ओलांडले असे म्हणावे लागेल. उतरणीवर तसे घडण्यास काहीच कारण नाही. दुसरा मोह अधिक घातक आहे. शेजारच्या बाकावरील वहीत डोकावून 2.7 च्या जागी मुकाट्याने 2.4 लिहिले की आलेख सुबक दिसतो, परंतु तो प्रयोगाचा आलेख राहत नाही. तो बिंदू तसाच ठेवून त्याभोवती वर्तुळ काढावे व तेवढे मापन पुनःपुन्हा करावे. गोटी डोळ्यांना दिसणे व अंगठ्याने कळ दाबणे यांतच सुमारे 0.2 सेकंद जातात. लक्ष किंचित ढळले की विलंब वाढतो. नव्या मापनांची सरासरी 2.43 सेकंद आली, तर बिंदू वक्राला येऊन मिळेल.

वक्र पाहून नियम ओळखणे मात्र कठीण. म्हणून दुसऱ्या आलेखात आडव्या अक्षावर कालाऐवजी कालाचा वर्ग घ्यावा: 1.96, 4.0, 5.9 व 7.84. आता सर्व बिंदू शून्यातून जाणाऱ्या एका सरळ रेषेच्या जवळ येतात. अर्थात, अंतर हे कालाच्या वर्गाच्या समप्रमाणात वाढते. या रेषेचा चढ सुमारे 25 आहे. त्याची दुप्पट, म्हणजे दर सेकंदास दर सेकंदी सुमारे 50 सेंटिमीटर, हे गोटीचे त्वरण होय.

हा नियम गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. त्याने आलेख काढला नव्हता. गुणोत्तरांवरच त्याने काम भागविले. विरामघड्याळही त्याच्यापाशी नव्हते. मोठ्या पात्रातून बारीक नळीवाटे पडलेले पाणी तोलून तो काल ठरवी. बारा हात लांबीच्या फळीचे टोक त्याने एखाद-दोन हातच उचलले होते. वर्गातील फळीही अशीच बेताची कलती ठेवावी. ती अधिक उचलली तर गोटी इतक्या लवकर खाली येते की अंगठ्याचा विलंब मोजलेल्या कालाच्या मानाने फारच मोठा ठरतो.