नीरेपलीकडचे पशुवैद्यकीय महाविद्यालय

भोर-वेल्ह्याच्या ज्या विद्यार्थ्यास गुरांच्या वैद्यकीची मनापासून ओढ आहे, त्याने प्रथम मुंबईकडेच दृष्टी लावण्याचे प्रयोजन नाही. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरताच शिरवळ येथे १९८८ साली स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बारावीस जीवशास्त्र, मग नीट परीक्षा, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेवटी पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी, इतका हा सरळ मार्ग. पुढे लोकसेवा आयोगामार्फत पशुधन विकास अधिकाऱ्याचा हुद्दा मिळू शकतो.

परंतु माझ्या मते या विद्येची खरी कसोटी दप्तरात नसून वेल्ह्याच्या डोंगरवस्त्यांत आहे. घटसर्पात घशास सूज येऊन श्वास कोंडतो व म्हैस पाहता पाहता दगावते. फऱ्या रोग तर ऐन उमेदीच्या धष्टपुष्ट वासरांनाच गाठतो आणि त्यांच्या मांडीवरील सूज दाबली असता चरचर आवाज येतो. लक्षणे दिसल्यावर उपचारास अवधी फार थोडा उरतो; म्हणून मृगापूर्वीच, पायवाटा निसरड्या होण्याच्या आत, बर्फाच्या डब्यात जपलेली लस घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरावे लागते. डबा तापला तर लस निकामी होते, आणि वस्तीवर वीज असेलच असे नाही.