तळघराला दुसरी वाट हवी

मैंदर्गी, अक्कलकोट, दुधनी या पट्ट्यात घर आणि दुकान एकाच छपराखाली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. पुढे दुकान, मागे किंवा वर कुटुंब, आणि खाली तळघर असले तर त्यात माल. जागा अपुरी पडू लागली की मालाशेजारी शिलाई मशीन येते. मग कारागीर दिवसभर तेथेच बसतात. उन्हाळ्यात गारवा म्हणून दुपारी माणसे तेथे झोपतातही. वर यायला मात्र एकच जिना असतो. त्या जिन्याच्या तोंडाशी आग लागली, तर खालची माणसे बाहेर कशी येणार? आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हास वाटते.

हा प्रश्न दूरचा नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याला आग लागली. कारखान्याच्या आवारातच राहणारे मालक, त्यांच्या कुटुंबातील माणसे आणि कामगार कुटुंब मिळून ८ जण मरण पावले. त्यांत लहान मूलही होते. त्याच दिवशी हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात, खाली दुकाने आणि वर घर असलेल्या इमारतीत १७ जणांचा मृत्यू झाला. तेथेही वर-खाली जाण्यास एकच अरुंद जिना होता. या दोन्ही जागा तळघरे नव्हत्या. पण माल, वस्ती आणि अपुरी वाट एकत्र आली की काय होते, ते यावरून कळते. तळघरात तर हा धोका आणखी वाढतो.

आगीत माणूस बहुधा ज्वाळेने नव्हे, धुराने मरतो. सूत, चिंध्या, फोम, प्लास्टिक आणि चिकटवण्याचे द्रावण पेटले की विषारी वायू निघतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. ज्वारीचे पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हे आपल्या भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. कोंडलेल्या हवेचा तोच धडा तळघराला लागू आहे. म्हणूनच जनरेटर तळघरात कधीही चालवू नये.

बांधकामाच्या नियमांनुसार तळघर हे राहण्यासाठी नसतेच. तेथे कोणी झोपत असेल तर पहिला उपाय म्हणजे त्याची सोय वर करणे. हवेसाठी २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अडीच टक्के झरोके सांगितले आहेत. म्हणजे ४०० चौरस फुटांच्या तळघराला १० चौरस फूट झरोके हवेत, तेही चारी बाजूंना विभागून. पण झरोक्यातून धूर जातो, माणूस जात नाही. त्यासाठी खिडकीच लागते.

अशा खिडकीचे माप अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत नेमके दिले आहे. उघडल्यावर मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच आणि उंबरठा जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नाही. आपल्याकडे अडीच फूट बाय अडीच फूट मोकळी जागा ठेवली की हिशेब बसतो. चौकटीचे नव्हे, पल्ला उघडल्यावर उरलेल्या जागेचे माप घ्यावे.

खिडकी जमिनीखाली असेल तर तिच्यासमोर किमान तीन फूट बाय तीन फुटांचा बांधीव खड्डा लागतो. तो ४४ इंचांहून खोल असेल तर भिंतीत लोखंडी पायऱ्या पक्क्या बसवाव्यात. खड्ड्याला चार-सहा इंचांचा कट्टा, तळाला खडी आणि पाणी जाण्यास वाट ठेवावी. आपली काळी माती पावसात फुगते आणि भिंत ढकलते. म्हणून खड्ड्याच्या भिंतीमागे काळी माती न भरता मुरूम व खडी भरावी. वरचे झाकण आतून एका हाताने उचलता येईल इतके हलके असावे.

चोरीच्या भीतीने बहुतेक जण खिडकीला गज बसवून टाकतात. मग ती खिडकी नावालाच उरते. जाळी भक्कम असावी, पण बिजागरीवर असावी आणि आतून किल्लीशिवाय उघडावी. बाहेरून हात घालून कडी काढता येऊ नये म्हणून कडीभोवती पत्रा वेल्ड करून घ्यावा. घरातील पडद्याची काळजी असेल तर धुरकट काच लावावी. खिडकी बुजवू नये.

भिंत फोडण्याचे काम अनुभवी इंजिनिअरला दाखवून, नगरपरिषदेची परवानगी घेऊन आणि कोरड्या दिवसांतच करावे. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला दोन पदर असतात. ते सुटले की भिंत कोसळते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दिसले. म्हणून तुळईच्या टोकाखाली किंवा कोपऱ्याजवळ भोक पाडू नये. आधी तुळयांना टेकू द्यावेत, आतल्या अर्ध्या जाडीत लिंटेल बसवून पक्के होऊ द्यावे, मग बाहेरच्या अर्ध्यात. त्यानंतरच खालचे दगड काढावेत.

गल्लीत खड्डा खणता येत नाही. तो आपल्याच जागेत हवा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतील तर जिन्यापासून लांबच्या टोकाला वरच्या खोलीत उघडणारी झडप आणि पक्की शिडी करावी. तीही नसल्यापेक्षा बरी. मात्र झडपेवर पोती रचू नयेत.

खर्चाचे कारण सांगितले जाईल. पण मजुरीवर आलेला कारागीर मालकाच्या भरवशावर त्या जिन्याने खाली उतरतो. त्याला परत वर येण्याची दुसरी वाट देणे मालकाकडेच लागते. खिडकी होईपर्यंत आजच करण्यासारखे पुष्कळ आहे: जिन्याखालचा माल हलवावा, सैल वायरी बदलाव्यात, रात्री मेन स्विच बंद करावा, जिन्याला बाहेरून कुलूप लावू नये, आणि खाली कोणालाही झोपू देऊ नये.