शेवटच्या पंगतीचें पान

गेल्या आषाढांत आमच्या धाकट्या सूनबाईंच्या रक्ताची तपासणी झाली. पांचवा महिना लागलेला. कागदावर हिमोग्लोबिनचा आंकडा आला ७.८. गर्भवतीच्या रक्तांत तें ११ च्या खालीं नसावें असें डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलें, "घरचें जेवणखाण कसें आहे?" चिरंजीवांनीं मोठ्या अभिमानानें उत्तर दिलें कीं, दोन्ही वेळां भाकरी, वरण, पालेभाजी व चटणी असते, घरांत कोणी उपाशी राहत नाहीं. उत्तर खोटें नव्हतें. पण आंकडाही खोटा नव्हता.

अकरा माणसांचें आमचें कुटुंब अमरावतीस राहतें. माझें निवृत्तिवेतन बेताचें, मुलांच्या नोकऱ्या खासगी, आणि अकोटाकडच्या वावराचें उत्पन्न पावसाच्या व बाजाराच्या मर्जीवर. तरीही दुसऱ्याच दिवशीं थोरल्या चिरंजीवांनीं डाळिंबें, सफरचंदें आणि शक्तिवर्धक भुकटीचा एक डबा आणला. त्या एका पिशवीच्या किंमतींत घराची आठवड्याची भाजी आली असती. डाळिंब वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. परंतु त्याचा रंग लाल म्हणून तें रक्त वाढवितें, ही समजूत निव्वळ भाबडेपणाची होय. त्यांत लोह फारच थोडें असतें. दारावर येणाऱ्या तांदुळज्याच्या जुडींत त्याहून कितीतरी अधिक.

वऱ्हाडचें जुनें जेवण गरिबीचें खरें, पण अडाणीपणाचें नव्हे. प्रथिनाचा लायसीन नांवाचा जो घटक ज्वारींत उणा असतो, तो तुरींत भरपूर आहे. आणि तुरीची जी उणीव ती ज्वारी भरून काढते. शाकाहारी माणसास जे स्निग्धांश सहसा मिळत नाहींत, ते जवसाच्या चटणींत असतात. चरकाचार्यांनीं विमानस्थानांत आहारविधीचीं जीं आठ आयतनें सांगितलीं आहेत, त्यांत 'संयोग' हें एक आहे. वर्गांत शिकवितांना मी त्याचें उदाहरण म्हणून मधतुपाचें नांव घेत असें. आतां शिकवावयाचें झाल्यास आपल्या घरची डाळभाजी सांगेन : तुरीची डाळ, आंबटचुका अथवा पालक, मूठभर फल्लीदाणे, आणि तीही लोखंडी कढईंत. आंबट भाजीनें कढईचें लोह थोडेंफार उतरतें, तें वेगळेंच.

निव्वळ ज्वारीवर मात्र विसंबूं नये. मक्यावर जगणाऱ्या लोकांत आढळणारा पेलाग्रा हा कातडीचा व पोटाचा रोग आपल्या दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही दिसतो, हें हैदराबादच्या पोषण-प्रयोगशाळेंतील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं दाखवून दिलें. १९७२ च्या दुष्काळांत मी शाळकरी मुलगा होतों. रेशनवर लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापतां थापतां तुटत असे व गिळतांना घशाला ओरखडे पडत. आमच्या आईला पेलाग्रा हा शब्द ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तरी तिनें घोळ, चिवळ, तरोटा, जें कांहीं बांधावर उगवेल तें खुडून आणून प्रत्येक भाकरीसोबत दिलें. त्या वर्षीं आम्हां भावंडांचीं अंगें वाळलीं, पण अंथरूण कोणी धरलें नाहीं.

आतां वावरांतून ज्वारी हटली आणि तिच्या जागीं सोयाबीन आलें. आपण तें पोत्यांनीं विकतों आणि ताटांत मात्र घेत नाहीं, ही एक विलक्षण गोष्ट आहे. १९३५ सालीं महात्माजी शेजारच्या वर्ध्यास मगनवाडींत राहत असतां सोयाबीनचे व कच्च्या पाल्याचे प्रयोग तेथील भोजनांत झाले, आणि 'हरिजन' पत्रांत त्यांनीं त्यांविषयीं लिहिलेंही. चवीविषयीं मगनवाडीकरांचें मत काय होतें, तें तेच जाणोत! सोयाबीनमध्यें सुमारें ४० टक्के प्रथिन असतें. परंतु तें कच्चें दळूं नये. त्यांत पचनास अटकाव करणारा एक अंश असतो, तो उष्णतेनेंच जातो. आमच्या घरीं तें अर्धा तास उकळून, उन्हांत कडकडीत वाळवून, १० किलो ज्वारीस १ किलो या प्रमाणांत मिसळून दळतात. भाकरी नीट थापली जाते व नातवंडांना फरक कळत नाहीं.

एवढें सारें घरांत असतां आंकडा ७.८ कां? हा प्रश्न मीं आमच्या घरांतून विचारला, तेव्हां उत्तर किंचित् रागानें आलें : "अहो, एकदां आमचीं पानं होईस्तोवर बसून पाहा, म्हणजे कळेल."

मी बसलों. पहिल्या पंगतीस आम्ही पुरुष व मुलें. डाळभाजी उत्तम झाली होती. मीं दोनदां मागून घेतली, नातवंडांनींही घेतली. दुसरी पंगत बायकांची. तोंवर कढईच्या कडेला लागलेली तेवढी भाजी उरली होती. वरणांत गरम पाणी घालून तें पुरतें केलें होतें. सूनबाईंच्या पानांत दोन भाकऱ्या, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी आणि तें वरण. तक्रार तर नव्हतीच. जेवण होतांच शिणवटा जावा म्हणून कपभर चहा. चहानें अन्नांतील लोह अंगीं लागण्यास अडथळा होतो. म्हणजे जें थोडें पोटांत गेलें होतें, त्याचीही वाट लागली.

चरकाच्या त्याच यादींत संयोगाच्या पुढचें आयतन 'राशि', म्हणजे प्रमाण. एकूण आहाराचें आणि त्यांतील प्रत्येक पदार्थाचें वेगवेगळें. चाळीस वर्षें मीं ही यादी मुलांकडून पाठ करून घेतली, पण शेवटच्या पानांत भाजीची राशि किती पडते, हें एकदांही पाहिलें नाहीं. आमच्याच घरचा हा दोष असता तर तो असा चव्हाट्यावर मांडला नसता. परंतु २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या शंभरांतील ५४ स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांतल्या पुष्कळांच्या घरीं कढई भरलेली असणार.

त्यानंतर आम्हीं फार मोठें कांहीं केलें नाहीं. भुकटीचा डबा संपला तो पुन्हां आणला नाहीं, बिस्किटांचे पुडे बंद केले, आणि त्या पैशांत एकाऐवजीं दोन जुड्या भाजी येऊं लागली. परसांतल्या मुंगण्याचा पाला डाळींत पडूं लागला. पंगत बसण्यापूर्वींच भाजी अकरा वाट्यांत वाढून ठेवावयाची, आणि रात्रीं सर्वांनीं एकदम बसावयाचें, असें ठरलें. भाजीबरोबर लिंबाची फोड, कार्तिक लागल्यावर आवळ्याची चटणी. कारण भाजीपाल्यांतील लोह आंबटाच्या संगतींत अंगीं अधिक लागतें. चहा जेवणानंतर तासाभरानें. या शेवटच्या कलमास सर्वांत जास्त विरोध माझ्याकडूनच झाला, हें कबूल केलें पाहिजे.

आश्विनांत पुन्हां तपासणी झाली, तेव्हां आंकडा १०.१ होता. त्यांतलें श्रेय गोळ्यांचें किती आणि वाटीचें किती, याचा हिशेब मला करतां येणार नाहीं. गोळ्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या. मार्गशीर्षांत मुलगी झाली, पावणेतीन किलोंची.

फक्त आमच्या थोरल्या वहिनी अजून ऐकत नाहींत. वय पंचाहत्तर; सासरीं आल्यापासून त्या सर्वांच्या मागून जेवीत आल्या आहेत. "मला मेलीला आतां कशाला हवं रक्त?" असें म्हणून त्या एकट्याच मागें राहतात. त्यांची वाटी झांकून ठेवण्याचें काम माझ्याकडे आहे. तीन दिवस नीट चाललें. चौथ्या दिवशीं झांकण तसेंच होतें, वाटी रिकामी होती, आणि धाकट्या नातवाच्या ओठांना डाळभाजी लागलेली होती.