वजन उतरल्यावर (भाग ५) : लोंबणाऱ्या पोटाचं काय करायचं?

उतरलेलं वजन परत का चढतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज ज्यांचं ते चढलेलं नाही, अशा पुरुषांविषयी.

टोकियोच्या एदोगावा भागात, फुनाबोरी आणि निशिकासाई स्टेशनांच्या आसपास, आयटीतली बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथे चाळिशी ओलांडली की वार्षिक तपासणीत कमरेला टेप लागते. आरोग्यविमा चालवणाऱ्या संस्थांनी ४० ते ७४ वयाच्या सभासदांची ही तपासणी करायची, असा जपानचा २००८ पासूनचा नियम आहे. पुरुषांसाठी मर्यादा ८५ सेंटिमीटर. भारतात आपण ९० धरतो. टेपच्या धाकाने कुणी भात कमी करतो, कुणी इंजेक्शनं घेतो, कुणी जठर लहान करून घेतो. पंचवीस-तीस किलो उतरतात, आणि पोट आत जायचं सोडून खाली लोंबायला लागतं. टोकियोच्या दमट उन्हाळ्यात त्या घडीत घाम साचतो, कातडी सोलवटते, नायटा होतो. बायका याबद्दल निदान मैत्रिणीशी तरी बोलतात. पुरुष शर्ट खोचायचं बंद करतो आणि गप्प बसतो.

त्याला मिळणारा सल्ला ठरलेला : अजून थोडा व्यायाम कर. व्यायामाने स्नायू भरतात, चरबी झडते. पण वर्षानुवर्षं ताणून लवचीकपणा गेलेली कातडी पुरती आवळून येत नाही. घट्ट करणारी क्रीमं विकत घेऊ नका, एवढंच त्यांच्याबद्दल सांगतो.

टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी काढायच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी घरी उताणे झोपा. पोट सपाट होऊन कातडी हातात सैल येत असेल, तर प्रश्न कातडीचा आहे. झोपूनही पोट बरगड्यांच्या वर घट्ट उभं राहत असेल, तर चरबी आतड्यांभोवती आहे. पुरुषांची चरबी बरेचदा तिथेच असते, आणि टमी टक तिला हातही लावत नाही. अशा माणसाने ऑपरेशन केलं तर पैसे जातात आणि ढेरी राहते. शिवाय कातडी काढल्याने मधुमेह किंवा रक्तदाब सुधारत नाही. घडीतला त्रास आणि दिसणं, एवढ्यापुरतंच हे काम आहे.

टमी टकमध्ये कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात, जादा कातडी कापतात, फाकलेले स्नायू शिवतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. नुसती लोंबती घडी कापायची शस्त्रक्रिया याहून लहान असते. फारच वजन उतरलेल्यांना कधी उभाही छेद लागतो. व्रण कायमचा; पँटच्या आत झाकला जातो, पण आपल्या कातडीवर तो जाड होऊन उठून दिसण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा जास्त. बेंबीचा हर्निया असेल तर तो त्याच वेळी दुरुस्त होतो.

घाई नको. वजन निदान सहा महिने स्थिर हवं. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर्ष-दीड वर्ष थांबावं. हिमोग्लोबिन, प्रथिनं आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असतं, त्यात जेवण निम्म्यावर आलेलं, मग जखम भरणार कशी? सिगारेट आणि तंबाखू आधी आणि नंतर महिना-महिना बंद. भूक मारणारी इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक राहू शकतं. झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. आणि हे लक्षात ठेवा की या शस्त्रक्रियेनंतर रक्त साचणं, पाणी साचणं पुरुषांत अधिक आढळतं.

आता कुठे करायची? जपानच्या आरोग्यविम्यात प्रौढ नोकरदार ३० टक्के भरतो, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च स्वतःचा. जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया तिथे २०१४ पासून विम्यात आली. तरीही मुळात स्थूल माणसं कमी, म्हणून वजन उतरलेल्या पोटांचा सराव असलेले सर्जनही तुलनेने कमी. शिवाय मूलभूत प्रशिक्षण संपताच थेट सौंदर्य-क्लिनिकात शिरणाऱ्या तरुण डॉक्टरांवर तिथे सध्या बरीच टीका होते आहे. चकचकीत जाहिरातीपेक्षा प्लास्टिक सर्जरीची रीतसर पदवी पाहा. भारतात ती एम.सीएच. किंवा डीआरएनबी (पूर्वीची डीएनबी) असते. आपल्याकडच्या मेडिक्लेम पॉलिसीही सौंदर्यशस्त्रक्रिया वगळतात. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा डॉक्टरांनी प्रमाणित केलेली वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. म्हणून घडीतल्या जखमांचे फोटो आणि त्वचातज्ज्ञाचे कागद जपून ठेवा.

बहुतेकांचा बेत असतो : सुट्टीत पुण्याला जाऊ, आई जवळ असेल, खर्चही कमी. बेत वाईट नाही, पण चार आठवड्यांच्या रजेत तो बसवू नका. ऑपरेशन दोन-चार तासांत आटोपतं, पुढचा महिना मात्र आटोपत नाही. नळ्या असतात, पाणी साचलं तर पुनःपुन्हा सुईने काढावं लागतं, पट्टा दीड महिना, जड उचलणं तितकेच दिवस बंद. पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका सौंदर्यशस्त्रक्रियांमध्ये टमी टकला सर्वांत जास्त मानतात, आणि भारत ते टोकियो म्हणजे आठ-दहा तास एका जागी बसणं. परतल्यावर गर्दीची लोकल आहेच. निशिकासाईवरून जाणाऱ्या तोझाई मार्गावर २०१९ साली क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली गेली होती. ताज्या टाक्यांनी त्यात उभं राहायचं नसतं.

माझं मत विचाराल तर असं : घडीत वारंवार जखमा होत असतील, वजन टिकलं असेल आणि ऑपरेशन करणाऱ्याच डॉक्टरांच्या गावात सलग दोन महिने राहता येत असेल, तर जरूर करावं. फक्त आरशासाठी असेल तर आणखी एक वर्ष थांबून बघावं. आणि दोन महिन्यांची सोय नसेल तर मुंबई-पुण्यात स्वस्त मिळतं म्हणून तिकीट काढू नका.