एकशे बावीस ओळींची एक रेघ

पेढी नदीच्या काठचं वलगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडगेबाबांमुळे. १९५६ साली त्यांनी इथेच देह ठेवला. या काळ्या मातीच्या मुलखात जून लागला की सगळ्यांचा जीव एकाच आकड्यात अडकतो: आपल्या महसूल मंडळात पाऊस किती मिलिमीटर झाला? सकाळी साडेआठला मोजायचा, तारखेसमोर लिहायचा. १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ ओळी आणि दोन रकाने. हा तक्ता कितीदाही वाचला तरी पावसाळा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. रेघ ओढली की राहतो.

व्यापाराचे आकडे अशा रेघांतून दाखवणारं पुस्तक विल्यम प्लेफेअरने १७८६ साली काढलं. आज पायथॉन भाषेतल्या पाच-सहा ओळींत ते काम होतं. ‘पांडाज’ तक्ता वाचतं, ‘मॅटप्लॉटलिब’ रेघ काढतं. यातलं दुसरं साधन जॉन हंटर या संशोधकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी घडवलं. मेंदूसाठी केलेलं हत्यार वलगावच्या पावसालाही चालतं, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

तारखेकडे मात्र लक्ष हवं. आपला १ जुलै, म्हणजे ०१-०७, संगणक ७ जानेवारी असा वाचू शकतो. दिवस आधी, महिना नंतर, हे त्याला बजावून सांगावं लागतं. त्याहून नाजूक गोष्ट रिकाम्या चौकटीची. नोंद राहिली असेल तिथे रेघ तुटते, आणि ती तुटू द्यावी. तिथे शून्य भरलं, तर न मोजलेला दिवस कोरडा ठरतो.

रोजच्या पावसाची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. त्याला उभे स्तंभच बरे. रेघेची खरी करामत बेरजेत आहे. समजा चार दिवसांचा पाऊस ५, ०, ०, ७०. चढती बेरीज झाली ५, ५, ५, ७५. पावसाने दडी मारली की रेघ आडवी पडते. पेरणीनंतर ती आडवीच राहिली, तर दुबार पेरणीची धास्ती तिथेच दिसते. शेवटची उडी ६५ मिलिमीटरच्या वर, म्हणजे मंडळाच्या हिशेबात अतिवृष्टी.

आता दोन वर्षांच्या रेघा एकाच आलेखावर काढा. समजा दोन्हींचा शेवट ८०० मिलिमीटरवरच होतो. एक जूनपासून हळूहळू चढत आलेली. दुसरी महिनाभर आडवी, मग दोन उड्यांत वर. तक्त्याच्या तळाशी बेरीज दोन्हीकडे सारखीच लिहिलेली असते.